सौर पंपावर वाडीचं पाणी: उद्भवापासून शेवटच्या नळापर्यंत

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत पावसाळाभर धो धो कोसळतं आणि तरी मार्च उलटला की डोंगरकुशीतल्या वाड्या, धनगरवाडे कळशी-घागर घेऊन झऱ्याच्या वाटेला लागतात. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पण जांभ्याचा सडा (डोंगरमाथ्यावरचं सपाट पठार) आणि त्याखालचा काळा कातळ हे पाणी फार काळ धरून ठेवत नाहीत. गावठाणापासून लांब असलेल्या वीस-पन्नास घरांच्या वस्तीला मोठ्या नळयोजनेची पाइप नेणं परवडत नाही. वीज असली तरी पावसाळ्यात झाड पडलं की दिवसेंदिवस येत नाही. अशा ठिकाणी एक बोअर, सौर पंप, टेकाडावरची टाकी आणि घरोघरी नळ एवढी छोटी योजना उत्तम चालते. ग्रामपंचायत सदस्य, पाणी समितीत नव्यानं आलेले लोक आणि वाडीसाठी काही करू पाहणारी तरुण मंडळं यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

पॅनेल हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. योजना बंद पडते ती मे महिन्यात उद्भव, म्हणजे ज्यातून पाणी घ्यायचं तो झरा, बोअर किंवा विहीर, आटल्यामुळे, बारीक पाइप टाकल्यामुळे किंवा पंपघराची किल्ली कुणाकडे हे न ठरल्यामुळे. आणि पाणी चालू असूनही लोक आजारी पडतात ते क्लोरीनकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. म्हणून पुढे पॅनेलपेक्षा या गोष्टींनाच जास्त जागा दिली आहे.

आधी बघा, पंप लागतोच का

सड्याच्या उतारावर, जांभा संपून खालचा थर लागतो त्या रेषेवर झरे फुटतात. असा झरा वाडीपेक्षा वर असेल आणि मे अखेरीसही वाहत असेल, तर पंपाची गरज नाही. झऱ्यावर बंदिस्त कुंडी बांधायची, वरच्या बाजूनं पावसाचं पाणी वळवणारी चर काढायची आणि पाणी उतारानं टाकीत आणायचं. मोजमाप सोपं आहे. २० लिटरची बादली दोन मिनिटांत भरली, तर चोवीस तासांत १४,४०० लिटर होतात, म्हणजे अडीचशे माणसांना पुरतील एवढे. ही मोजणी मे महिन्यातच करा. दिवाळीतला झरा बघून आखलेली योजना शिमग्यानंतर कोरडी पडते.

झरा वाडीच्या खाली असेल, किंवा बोअर वा विहीर हाच पर्याय असेल, तर सौर पंपाकडे वळा.

मागणी किती

जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. तोच धरा. ४५ घरं, २२० माणसं असतील तर १२,१०० लिटर होतात. गळती आणि सणासुदीला येणारे पाहुणे धरून १४,००० लिटर. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर आहे; तुमच्या वाडीची माणसं घालून तो पुन्हा मांडा. मुंबई-पुण्याला असलेली मंडळी गणपतीला आणि मे महिन्यात घरी येतात. मे महिन्यात मागणी सगळ्यात जास्त आणि पाणी सगळ्यात कमी असतं, हे विसरू नका.

गुरांचं पाणी यात धरलेलं नाही. एका दुभत्या म्हशीला दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज लागतात. वाडीत चाळीस जनावरं असतील तर त्यांच्यासाठी ओढ्यावर किंवा जुन्या विहिरीवर वेगळी सोय करा. नाही तर टाकी दुपारीच रिकामी होईल आणि भांडणं नळावर होतील.

उद्भव: मे महिन्याचं पाणी मोजा

बोअर मारताना गाडीवाला 'दोन इंची पाणी लागलं' असं सांगतो. हा इंच म्हणजे पाइपचा व्यास नव्हे. काटकोनी खाचेच्या पत्र्यावरून पाणी सोडून खाचेतल्या पाण्याची उंची मोजतात, तो हा इंच. नवख्या माणसाला वाटतं, दोन इंची म्हणजे एक इंचीच्या दुप्पट. तसं नसतं. एक इंचाला ताशी साधारण ५०० लिटर, दीड इंचाला १,४००, दोन इंचाला २,९०० आणि तीन इंचाला जवळजवळ ८,००० लिटर पाणी असतं. म्हणजे दीड आणि दोन यांच्यातल्या अर्ध्या इंचावर तुमची योजना उभी राहणार की पडणार हे ठरतं. पत्रा समोर लावून, पाणी स्थिर झाल्यावर, स्वतः मोजून घ्या.

शिवाय हा आकडा कॉम्प्रेसरच्या हवेनं पाणी उसळत असतानाचा, बहुधा फेब्रुवारी-मार्चमधला असतो. खरी क्षमता बघायची तर मे महिन्यात भाड्याचा पंप आणि जनरेटर लावून सलग आठ तास उपसा करा. दर अर्ध्या तासानं दोन गोष्टी लिहा: किती पाणी आलं आणि बोअरमधली पातळी किती खाली गेली. पातळी मोजायला लांब दुपदरी वायर आणि मल्टिमीटर पुरतो. वायरीची उघडी टोकं पाण्याला टेकली की काटा हलतो. पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात पूर्ववत होते तेही नोंदवा. आठ तास उपसल्यावर ज्या खोलीवर पातळी स्थिर राहते, तीच तुमची 'चालती पातळी'. पुढचा सगळा हिशोब तिच्यावर चालतो.

१४,००० लिटर पाणी उन्हाच्या पाच-साडेपाच तासांत उपसायचं, म्हणजे ताशी २,५५० ते २,८०० लिटर लागतात. बोअर दोन इंची हवं ते यासाठी. बोअर ताशी १,४०० लिटरच देत असेल तर मोठा पंप टाकून उपयोग नाही. तो तासाभरात बोअर रिकामं करेल, कोरडा चालेल, नाहीतर चालू-बंद होत राहील. तिथे छोटा पंप आणि दुसरा उद्भव, असाच विचार करावा लागतो.

जागा निवडायला नारळ फिरवणाऱ्या पाणाड्यावर विसंबू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे ग्रामपंचायतीचा ठराव देऊन भूवैज्ञानिकाकडून जागा पाहून घ्या. हीच यंत्रणा हातपंपाच्या बोअरवर सौर पंप बसवून दुहेरी पंपाची लघु नळयोजनाही करते. तिचा फायदा असा की यंत्र बिघडलं तरी हातपंपानं पाणी निघत राहतं. वाडीत चांगलं चालणारं हातपंपाचं बोअर आधीच असेल, तर नवं मारण्याआधी त्याचीच चाचणी घ्या.

बोअरचं केसिंग (आत बसवलेली संरक्षक नळी) जांभा, मुरूम आणि सैल थर पार करून पक्क्या कातळात बसलं पाहिजे. केसिंगच्या बाहेरची पोकळी वरच्या काही मीटरमध्ये सिमेंटनं भरून घ्या आणि तोंड जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवून भोवती उताराचा ओटा करा. यात पैसे वाचवले तर पहिल्याच जोराच्या पावसात शेणखताचं पाणी केसिंगच्या कडेनं थेट आत उतरतं. संडासाचा शोषखड्डा किमान १५ मीटर लांब हवा. जांभ्यात आणि फुटक्या कातळात पाणी भेगांतून झपाट्यानं पळतं, त्यामुळे इथे ३० मीटर ठेवलं तर बरं, आणि खड्डा बोअरच्या वरच्या अंगाला नकोच.

पाणी तपासून घ्या, मगच खर्च करा

बोअरचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे पिण्याजोगं असतंच असं नाही. जिल्हा प्रयोगशाळेत रासायनिक आणि जैविक दोन्ही तपासण्या करून घ्या. भारतीय मानक १०५०० प्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा उद्भव नसेल तर २,००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ च्या वर नको आणि फ्लोराइड १ पर्यंत, फार तर १.५. आतड्यातले जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे उसाला वर्षानुवर्षे खत आणि पाणी पडत आलं आहे. तिकडे क्षार आणि नायट्रेट आवर्जून बघा. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर वाढतं. पश्चिमेकडे प्रश्न बहुधा जंतूंचा आणि पावसाळ्यातल्या गढूळपणाचा असतो, क्वचित लोहाचा. नळ सोडल्यावर पाणी स्वच्छ आणि तासाभरात भांड्यात तांबूस झालं, तर लोह आहे असं समजा.

जैविक नमुना प्रयोगशाळेनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्या, थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नेलेल्या नमुन्याचा अहवाल निरुपयोगी असतो.

उंची, मग पंप, मग पॅनेल

क्रम हाच ठेवा. विक्रेता बऱ्याचदा उलटा येतो: 'तीन एचपीचा सेट आहे, बसवून देतो.'

आपल्या उदाहरणातल्या वाडीत मे महिन्यातली चालती पातळी ३८ मीटर खाली आहे. बोअरपासून टाकीच्या जागेपर्यंत चढ १२ मीटर. टाकीचं तोंड जमिनीपासून ७ मीटर उंच. पाइपमधलं घर्षण ३ मीटर. एकूण ६० मीटर.

आता रोजचे लिटर गुणिले मीटर, भागिले ३६७. उत्तर वॅट-तासात येतं. १४,००० × ६० ÷ ३६७ = साधारण २,२९०. पंप आणि मोटर मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर विजेची गरज ५,७०० वॅट-तास. पूर्ण ताकदीचं ऊन दिवसाला ५ तास, आणि धूळ, तापलेलं पॅनेल, वायर यांत जाणारी घट धरून पॅनेलच्या छापील क्षमतेच्या ७५ टक्के हाती येतात. ५,७०० ÷ ५ ÷ ०.७५ = १,५२० वॅट. पंप दोन एचपीचा. सकाळी लवकर सुरू व्हावा आणि ढगाळ दिवशीही चालावा म्हणून पॅनेल थोडी जास्त ठेवायची: ५४० वॅटची चार, म्हणजे २,१६० वॅट. त्यांना दहा-अकरा चौरस मीटर जागा लागते.

'पावसाळ्यात काय?' हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत येतो. जुलैमध्ये ऊन निम्म्यावर येतं, हे खरं. पण त्याच वेळी बोअरमधली पातळी वर आलेली असते. आपल्या उदाहरणात ती १० मीटरवर आली तर एकूण उंची ६० ऐवजी ३२ मीटर राहते. निम्म्या उन्हातही कागदावर दिवसाला १८,००० लिटर निघतात. कमी उन्हात पंपाची कार्यक्षमता घसरते, म्हणून बारा हजार धरा. तेही जवळजवळ पुरतात. खरी अडचण आठवडाभर सूर्यच न दिसण्याची असते आणि तिचं उत्तर टाकीत आहे.

बॅटरी घेऊ नका. ती चार-पाच वर्षांत बदलावी लागते. टाकी हीच तुमची बॅटरी. घाटमाथ्याजवळच्या वाडीला दीड ते दोन दिवसांचा साठा हवा, म्हणजे इथे २१ ते २८ हजार लिटर. लोखंडी मांडणीवर ५,००० लिटरची प्लास्टिकची टाकी ही नेहमीची पद्धत कोरड्या भागात चालते, गगनबावड्यात अपुरी पडते. टेकाड जवळ असेल तर टाकी त्यावर जमिनीलगत बांधा. मांडणीचा खर्च वाचतो, साठा दुप्पट मिळतो आणि टाकी धुवायला शिडीवर जीव धोक्यात घालावा लागत नाही. मांडणीच करायची असेल तर १०,००० लिटर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, हे लक्षात ठेवून पाया आणि मांडणी अभियंत्याकडून काढून घ्या. वेल्डरच्या अंदाजावर ठेवू नका.

पंप, कंट्रोलर, पॅनेल जोडताना

ब्रशलेस डीसी मोटर कमी उन्हात जास्त पाणी देते. साधी तीन फेज एसी मोटर थोडं कमी देते, पण कुठलाही रिवाइंडिंगवाला ती भरून देतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात अशा कामाला तोटा नाही. डीसी घ्यायची असेल तर सुटे भाग आणि बदली मोटर किती दिवसांत मिळेल हे लेखी घ्या.

सगळ्यात जास्त कंट्रोलर (पॅनेलची वीज पंपाला जुळवून देणारी पेटी) जळतात ते व्होल्टेजच्या चुकीनं. ५४० वॅटच्या एका पॅनेलचं उघड्या टोकांचं, म्हणजे पंप न जोडता मोजलेलं, व्होल्टेज साधारण ४९.५ असतं. चार एका ओळीत जोडली की १९८. डिसेंबरच्या थंड सकाळी पॅनेल गार असतं आणि हे व्होल्टेज चार टक्क्यांनी वाढून २०६ च्या आसपास जातं. कंट्रोलरची मर्यादा २०० असेल तर हिवाळ्यातल्या एखाद्या स्वच्छ सकाळी तो जाईल, आणि उन्हाळाभर चाललेला कंट्रोलर असा कसा जळला म्हणून सगळे कोड्यात पडतील. मर्यादेत किमान १५ टक्के मोकळीक ठेवा. उलट काही एसी कंट्रोलर तीनशे व्होल्टच्या खाली चालूच होत नाहीत. त्यांना कमी वॅटची सात-आठ पॅनेल ओळीत लागतात. पॅनेलच्या मागचं लेबल आणि कंट्रोलरचं लेबल शेजारी ठेवून वाचा, मगच सही करा.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल १५ अंशांच्या आसपास. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर आहे. कल दहा अंशांच्या खाली नेला तर खालच्या कडेला माती साचते आणि पावसाळ्यात शेवाळ धरतं. सावलीची पाहणी डिसेंबरमध्ये सकाळी नऊ आणि दुपारी साडेतीनला करा. दरीतल्या वाडीत चारलाच डोंगराची सावली येते, ती हिशोबात धरा. ओळीतल्या एका पॅनेलवर फांदीची सावली पडली तरी सगळ्या ओळीचा प्रवाह घटतो. डांब जमिनीत तीन फूट काँक्रीटमध्ये आणि पॅनेलची खालची कड जमिनीपासून पाच-सहा फूट वर असू द्या. राधानगरी, शाहूवाडीकडे गवा रेड्यांचा वावर आहे, आजरा-चंदगडात हत्तीही येतात. बारीक तारेच्या कुंपणानं गवा थांबत नाही, म्हणून पॅनेल वाडीच्या आत, घरांच्या नजरेत ठेवलेली बरी. वायर चोरीलाही तोच उपाय.

पंप बोअरच्या तळापासून चार-पाच मीटर वर आणि मे महिन्यातल्या चालत्या पातळीपासून तेवढाच खाली टांगा. तळाला टेकलेला पंप गाळ ओढतो आणि त्याचे इंपेलर (पाणी ढकलणाऱ्या आतल्या चकत्या) लवकर झिजतात. पाणी संपल्यावर पंप आपोआप थांबवणारी सोय चालू करून घ्या आणि ती खरंच काम करते का, हे ठेकेदारासमोर करून बघा. वर ओढायला पॉलिप्रॉपिलिनचा जाड दोर वेगळा बांधा. केबलला वजन देऊ नका.

वळिवाच्या विजा या भागात नित्याच्या. पॅनेलच्या चौकटीला, तडितरोधकाला आणि कंट्रोलरला तीन वेगळे अर्थिंग खड्डे घ्या आणि रोध ५ ओमच्या खाली आलेला मोजून दाखवायला सांगा. जांभ्यात तो सहजासहजी येत नाही. खड्डा खोल घ्यावा लागतो, बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरावं लागतं, कधी दोन इलेक्ट्रोड जोडावे लागतात. ठेकेदार इथेच अंग चोरतो.

ऊन असताना पॅनेलचे जोड ओढून काढू नका. डीसी प्रवाहाची ठिणगी विझत नाही, हात भाजतो. आधी आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा खटका) बंद, मग जोड.

पाइप: इथे पैसे वाचवू नका

बोअर ते टाकी ४०० मीटर अंतर असेल आणि सेकंदाला एक लिटर पाणी जात असेल, तर ६३ मिलिमीटरच्या एचडीपीई (जाड काळं प्लास्टिक) पाइपमध्ये घर्षणाला दोन मीटरही जात नाहीत. तीच लाइन ४० मिलिमीटरची टाकली तर पंधराएक मीटर जातात. म्हणजे ६० मीटरचा पंप ७३-७४ मीटरला ओढायचा, आणि टाकी भरायची नाही. पाइपमधली बचत नंतर पॅनेल वाढवून भरून काढावी लागते.

पाइप आयएस ४९८४ चा शिक्का असलेला, दहा किलो दाबाचा घ्या. चर तीन फूट खोल. कातळ लागला आणि एवढं खोल जाता आलं नाही तर वरून काँक्रीटचं आवरण द्या. चढ-उताराच्या उंच जागी हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि सखल जागी गाळ काढायचा व्हॉल्व्ह लागतोच. हवेचा व्हॉल्व्ह नसला की सगळं ठीक असूनही टाकीत पाणी निम्मंच पडतं आणि कारण सापडत नाही. पंपाच्या वरच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा.

टाकी भरली की पंप थांबवायला फ्लोट स्विच. त्याची लांब वायर विजेच्या कडकडाटात कंट्रोलरपर्यंत झटका आणते, म्हणून ती पाइपच्या चरीतूनच संरक्षक नळीत न्या आणि कंट्रोलरकडे सर्ज प्रोटेक्टर लावा. टाकीच्या नळीला साधा बॉलकॉक लावून मोकळं होऊ नका. पाणी अडलं की पंप बंद तोंडावर चालत राहतो.

वाटपाच्या लाइनला खालच्या आळीचे नळ सगळं पाणी ओढतात आणि वरच्या घरांना थेंबही येत नाही. प्रत्येक आळीला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा आणि पाळी लावा.

क्लोरीन

इचलकरंजीत २०१२ साली पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली होती. पाइप जुनी असो वा नवी, तिच्यात एकदा बाहेरचं घाण पाणी शिरलं की पुढे रक्षण क्लोरीनच करतो. म्हणून टाकीत रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलीच पाहिजे, पाणी कितीही नितळ असलं तरी.

प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम. १४,००० लिटरला ७० ग्रॅम. वजन छोट्या काट्यावर एकदाच करून त्या मापाचा प्लास्टिकचा डबा ठरवून ठेवा. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा, अर्धा तास ठेवा, चुना खाली बसला की वरचं नितळ पाणी टाकीत ओता. साका टाकीत गेला तर नळ चोंदतात. क्लोरीन टाकल्यावर अर्धा तास तरी पाणी सोडायचं नाही. चांगल्या टीसीएलमध्ये ३३ टक्के क्लोरीन असतो, पण दमट हवेत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात महिन्याभरात तो निम्म्यावर येतो. म्हणून वर्षाचा साठा एकदम घेऊ नका. दोन-तीन महिन्यांचा घ्या, हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा.

टाकलं हे पुरेसं नाही. रोज सकाळी शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी चाचणी) करा. पाणी पिवळं झालं पाहिजे. रंगाच्या पट्टीवर किमान ०.२ मिलिग्रॅम. रंग आला नाही तर मात्रा वाढवण्याआधी गळती शोधा, कारण क्लोरीन कुठेतरी घाणीशी लढण्यात संपतो आहे. वहीत तारीख, टाकलेली पावडर, आलेला आकडा. बोअरच्या आणि टाकीच्या स्वच्छतेची पाहणी वर्षात दोनदा होते. तिच्यावरून मिळणारं हिरवं, पिवळं वा लाल कार्ड ग्रामपंचायतीत लावलेलं असतं. ते बघा आणि लाल-पिवळ्याचं कारण विचारा.

उद्भव बोअर नसून ओढा किंवा उघडी विहीर असेल तर आधी गाळणी लागते. मंद वाळू गाळणी लहान वस्तीला उत्तम, पण तिच्यातला जिवंत थर सतत पाणी मागतो आणि सौर पंप दिवसाच चालतो. म्हणून गाळणीच्या आधी कच्च्या पाण्याची टाकी ठेवून तिच्यातून चोवीस तास बारीक धार सोडा. १४,००० लिटरसाठी चार चौरस मीटरची, ९० सेंटिमीटर वाळूची गाळणी पुरते.

नदीकाठच्या गावांना

पंचगंगा, कृष्णेकाठी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जॅकवेल (नदीतून पाणी उपसायच्या विहिरी) बुडाल्या, वीज गेली आणि चहूकडे पाणी असताना पिण्याला टँकर लागले. तिथे सौर योजना आणीबाणीची सोय म्हणून मोलाची आहे, पण बोअरचं तोंड, कंट्रोलर आणि पॅनेल २०१९ च्या पूररेषेच्या वर हवेत. बोअर एकदा बुडालं तर उपसा करून, जास्त क्लोरीन टाकून, बारा तास ठेवून पुन्हा उपसल्याशिवाय आणि नमुना तपासल्याशिवाय ते पाणी पिऊ नका.

माणूस आणि पैसा

योजनेचा ठराव ग्रामसभेत, जागेचं बक्षीसपत्र किंवा संमतीपत्र लेखी, काम ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीमार्फत. तोंडी दिलेली जागा पुढच्या पिढीत वादात जाते. निधी जलजीवन मिशन, वित्त आयोगाचा पिण्याच्या पाण्यासाठीचा बंधित निधी किंवा जिल्हा नियोजन यांतून मिळू शकतो. जलजीवनच्या निकषात लोकवर्गणी डोंगराळ भागात ५ टक्के, इतरत्र १० टक्के आहे आणि ती श्रमदानातूनही देता येते. चर खोदाई हे त्यासाठी सोयीचं काम.

ऊन फुकट असलं तरी पाणीपट्टी हवी. पंप आणि कंट्रोलर मिळून ८० हजारांना बसले आणि आठ वर्षं चालले असं धरा: वर्षाला १० हजार बाजूला पडले पाहिजेत, म्हणजे ४५ घरांत महिन्याला साधारण १९ रुपये. सांभाळणाऱ्या माणसाला महिना १,५०० दिले तर घरामागे ३३. टीसीएल, तपासणी आणि किरकोळ दुरुस्तीला १५. सत्तर रुपयांत योजना स्वतःच्या पायावर उभी राहते. बदलीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, समितीतल्या दोन महिलांच्या सहीनं. पाण्याची खेप ज्यांच्या डोक्यावर होती, त्या हे खाते जपतात.

सांभाळणाऱ्याची कामं: रोज क्लोरीन, उन्हाळ्यात आठवड्याला आणि शेजारी गुऱ्हाळ किंवा खडीचा रस्ता असेल तर चार दिवसांनी, पहाटे गार पॅनेल मऊ फडक्यानं धुणं, तीन महिन्यांनी टाकी धुणं, पावसाळ्याआधी अर्थिंग आणि नटबोल्ट, पावसाळ्यानंतर पाणी तपासणी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तडा जातो.

पंप थांबला तर

स्वच्छ ऊन असूनही पाणी येत नसेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी हे बघा. टाकी भरलेली आहे का, की फ्लोट अडकला आहे? कंट्रोलरवर दिवा लागतो का? लागत नसेल तर आयसोलेटर आणि डीसी एमसीबी. उंदीर केबल कुरतडतात, तीही वर-खाली बघा. कंट्रोलर कोरडं बोअर दाखवत असेल तर तासभर थांबा आणि पुन्हा चालवा; पाणी येऊन पुन्हा थांबलं तर पंप ठीक आहे, उद्भव कमी पडतो आहे, आणि उपसा दोन पाळ्यांत करावा लागेल. मोटर फिरते पण पाणी कमी, तर बोअरच्या तोंडाशी बादली लावून मोजा. तिथे पूर्ण येत असेल तर लाइनमध्ये गळती किंवा हवा आहे. तिथेच कमी असेल तर इंपेलर झिजलेत किंवा बोअरमधल्या पाइपला भोक पडलं आहे. दुपारी बाराला चालतो आणि सकाळी नाही, तर पॅनेलवरची धूळ नाहीतर वाढलेली फांदी. एक फ्लोट स्विच, एक एमसीबी, दोन पॅनेल जोड, ६३ चे दोन कपलर आणि तोटीचे डझनभर वायसर पंपघरात कायम ठेवा. वाडीतून बाजारपेठेला जायला-यायला दिवस मोडतो, आणि तेवढ्यात टाकी रिकामी होते.